अवसेला मोटर बंद

परत येऊन पंधरा दिवस झाले, तरी उजव्या तळव्यावरचा फोड काही बसत नाही. या हाताला सवय खडूची, आणि मधली पाच वर्षं सही-शिक्क्याची. हातोडा कधी धरला नव्हता. लोक सातारा-सांगलीकडे जातात ते कासची फुलं बघायला, नाहीतर औदुंबरला दत्ताच्या पाया पडायला. मी गेले एका प्रश्नाचं उत्तर आणायला आणि हा फोड घेऊन आले.

प्रश्न आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. आमचं गाव गुहागरकडचं. डोंगराच्या पायथ्याला एक झरा, आणि सगळं गाव त्यावर. मे महिना संपेपर्यंत पुरायचा. मी सरपंच झाले आणि मला वाटलं, शेवाळातलं, बेडकांतलं हे पाणी किती दिवस प्यायचं? झऱ्यामागची रचलेल्या दगडांची जुनी भिंत, तळ, सगळं काँक्रीटने लिंपून घेतलं. टाकी झाली, नळ झाले, आणि दर्शनी भागात माझ्या नावाची संगमरवरी पाटी झाली. लोकांनी शाल दिली. पुढं झरा आधी एप्रिलात आटला, मग मार्चात, आणि यंदा तर फेब्रुवारीतच खडखडाट. लोक म्हणाले, पाऊस कमी झाला. आमच्याकडे पाऊस कमी! छत्र्या कुजतात हो आमच्याकडे.

आता गावसभेत ठरायचं होतं की झऱ्याच्या डोक्यावर बोअर मारायची. सभा पाडव्यानंतर. मी म्हटलं, तोवर थांबा, कोरड्या मुलखातली माणसं पाणी कसं राखतात ते बघून येते. "नवल आहे बाई," आमचे यजमान म्हणाले, "समुद्रकाठची माणसं दुष्काळी भागात पाणी शिकायला निघाली!" म्हणू देत. त्यांच्यासाठी चार दिवसांची कडधान्यं भिजत घातली, अळूचं फदफदं करून ठेवलं आणि निघाले. गेली दोन वर्षं आमच्या रस्त्याखाली, कोणी न लावता, भर उन्हाळ्यात अळू नुसतं माजतं. फुकटची भाजी, म्हणून मी खूश होते.

लिंब

साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर मी फक्त ऐकून होते. पायऱ्या उतरून आत गेले आणि बोलतीच बंद झाली. कमानी काय, खोल्या काय, बारा-बारा मोटा एका वेळी ओढायची सोय काय! आमच्याकडे विहीर म्हणजे परसातला एक गोल खड्डा, त्यावर रहाट आणि पलीकडे माड. इथे एखादा किल्ला जमिनीत उलटा घातल्यासारखं वाटलं. वरच्या बाजूला कॉलेजची पोरं फोटो काढण्यात दंग होती.

खाली एक म्हातारा उकिडवा बसून खराट्याची काडी दगडांच्या सांध्यात खुपसत होता. पांढरी टोपी, विजार, अंगात मळका शर्ट. माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

"अहो, जुनी वास्तू आहे ही. खरडताय काय?"

त्यांनी मानही वळवली नाही. "खरडत न्हाई ताई. इच्यारतोय."

"कुणाला?"

"दगडाला. कंचा सांधा उघडा हाय, कंचा बंद हाय." त्यांनी काडी बाहेर काढून माझ्यापुढे धरली. टोक ओलं होतं. "बघा. ह्यो उघडा ठेवलाय, म्हणून पाझर आत येतोय. ज्यानं बांधली त्याला अक्कल हुती. मी असलंच सांधं शिमिटनं बंद केलं. ह्या हातानं."

मी तिथेच पायरीवर बसले आणि म्हटलं, नीट सांगा.

ते दस्तगीर मिस्त्री. राहणार आष्ट्याचे, सत्तरीचे, घराण्यात तीन पिढ्या दगडाचं काम. तरुणपणी त्यांनी कवठे महांकाळच्या पलीकडे एका वाडीत चार घरांच्या सामाईक विहिरीच्या दर्जा भरल्या होत्या, म्हणजे दगडांमधल्या फटी सिमेंटने बुजवल्या होत्या. फटीत गवत उगवायचं, साप निघायचे, म्हणून. काम आरशासारखं झालं. विहिरीचं पाणी मात्र तेव्हापासून हळूहळू आटत गेलं. आता त्या चार घरांनी विहिरीच्या तळातच बोअर मारायचं ठरवलंय, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन येणार.

"आन् त्याच्या आदी मला अवसंचा एक दीस दिलाय. एक दीस! उघडून दावतो म्हणलंय. पर जुन्या लोकांनी कसं ठेवलं हुतं ते डोळ्यानं बघावं, म्हणून एस्टीनं आलो."

मी पिशवीतून बाटली काढून घटाघटा पाणी प्यायले आणि त्यांच्यापुढे केली. ते हसले. "रोजा हाय, ताई." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बाहेर ऊन असं की पायरीला हात लावला तर भाजत होता.

"मी येऊ का तुमच्याबरोबर? बघायला?" मी विचारलं.

"बगायला नगं. हात लावणार असला तर या."

आष्टा

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना मी त्यांच्या घरी पोचले. त्यांच्या घरच्या, खातूनबी, यांनी दारातच गूळ-पाणी पुढं केलं. "तुमी घ्या, तुमचा कुठं रोजा हाय?" पण सगळं घर घड्याळाकडे बघत बसलेलं असताना माझ्या घशाखाली उतरेना. मीही बसून राहिले. अजान झाली, खजूर फुटला, कलिंगडाच्या फोडी आल्या, गरम भजी आली. नंतर ज्वारीच्या भाकरी आणि कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत असं की मी भात मागायचंच विसरले. आमच्याकडे भात नसला तर माणूस जेवला असं धरत नाहीत.

भिंतीवर एक फोटो उलटा टांगलेला होता. पाठीचा पुठ्ठा आमच्याकडे. मला राहवेना.

"ह्यो का?" खातूनबी म्हणाल्या. "त्या वाडीवर काम झालं तवा टोपी, टावेल, नारळ दिऊन सत्कार केल्ता ह्यांचा. त्यो फोटो. हिवाळ्यात बाजारात त्याच वाडीचं बिरूअण्णा भेटलं आन् म्हणालं, मिस्त्री, तुमचा हात लागल्यापास्नं हीर रुसली. घरी आलं, फोटो उलटा केला. मी सुलटा करायला गेले तर माझ्यावरच वराडलं."

माझी शाल घरी कपाटात नीट घडी घालून ठेवली आहे, हे मला आठवलं. पाटीचं मात्र त्यांना तेव्हा सांगवलं नाही. शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी मी गप्प बसून भाकरी खात राहिले. लाज वाटली.

वाडीवर

कवठे महांकाळच्या पुढे रस्ता उजाड होत जातो. बोडके माळ, मधेच द्राक्षबाग, पुन्हा माळ. कोकणातल्या माणसाला इतकं आभाळ एकदम बघायची सवय नसते, मला घेरी आल्यासारखं झालं. बिरूअण्णा वाटेवर उभे होते. मुंडासं, खांद्यावर घोंगडं, साठी उलटलेली. पूर्वी बाराही महिने मेंढरं घेऊन फिरणारं घर, आता अर्धं शेतीत आणि अर्धं मेंढरांत. त्यांच्या घरच्या यशवदाक्कांनी मला बघताच मिस्त्रींना विचारलं, "ह्या बाय कोन?"

"मदतीला आणलंय."

"ह्या?" अक्कांनी माझ्या इस्त्रीच्या साडीकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला. हसल्याच.

विहीर चौकोनी, जुनी, मोटेची धाव, म्हणजे बैलांची उतरती वाट, अजून शाबूत. चार घरं, चार-चार दिवसांची पाळी. पण अवस कुणाचीच नाही. पूर्वी अमावास्येला बैल जुंपायचे नाहीत, त्यामुळे त्या दिवशी मोट बंद. मोटा गेल्या, बैल गेले, इंजिनं आली, मोटारी आल्या, तरी या चार घरांनी अवस सोडली नाही. त्या दिवशी मोटारीचा खटका कुणी वर करत नाही.

"लोकं म्हंत्यात बैलाला सुट्टी हुती," बिरूअण्णा म्हणाले. "आवं, सुट्टी हिरीला हुती. बैलाला फुकाट मिळायची."

एवढं बोलून ते थांबले नाहीत. वर्षातली शेवटची अवस पाडव्याच्या आदल्या दिवशी. विहीर दिवसभर, रात्रभर निवांत ठेवायची आणि पाडव्याला सकाळी पाणी किती पायऱ्या चढलं ते बघायचं. तीन चढलं तर उन्हाळी मका, दोन चढलं तर नुसती वैरण, एकच चढलं तर पेरायचं काही नाही, पाणी माणसांना आणि जनावरांना. हे ठरवायला ना कुठला अधिकारी लागतो, ना कुठलं यंत्र. आमच्याकडे नळाला पाणी येतंय तोवर उघडा आणि गेलं की सरपंचाला शिव्या द्या, एवढाच हिशोब. मी स्वतः खाल्ल्यात त्या शिव्या.

"गेल्या साली किती चढलं?" मी विचारलं.

त्यांनी हाताची चार बोटं आडवी धरली. चार बोटं, फक्त.

मग ते मला विहिरीच्या खालच्या अंगाला ओढ्याकडे घेऊन गेले. सगळा ओढा कोरडा ठक्क, पण काठावर एका जागी लव्हाळ्याचा हिरवागार पट्टा. "उन्हाळ्यात मेंढरं हितंच तोंड खुपसत्यात. आदी नव्हतं हे. पाणी कुटं जातंय व्हय? आत वाट दिली न्हाई, मग दुसरी वाट काढली त्यानं. भाईर मरणाच्या उन्हात जितं हिरवं दिसंल, तितं समजायचं आपलं पाणी पळालंय."

 आमच्या रस्त्याखालचं अळू डोळ्यांपुढे आलं. दोन वर्षं मी आमच्या गावच्या झऱ्याचं फदफदं करून खात होते.

अवस

सकाळी सातला बिरूअण्णांनी मोटारीचा खटका खाली पाडला, खोक्याला कुलूप लावलं आणि आम्ही तिघं विहिरीत उतरलो. पाणी तळाला गेलेलं. वरल्या अंगाच्या, म्हणजे डोंगराकडच्या भिंतीला आधी हात घालायचा होता, कारण पाझर तिकडून येतो. छिन्नी सांध्यात तिरकी धरायची, हलके ठोके द्यायचे, सिमेंट खपलीसारखं सुटतं. कधीकधी. बाकी वेळा हाताला झिणझिण्या येतात.

तिसऱ्या पायरीवर माझी चप्पल निसटली आणि थेट पाण्यात गेली. अक्का वरून ओरडल्या, "दुसरी बी टाका, जोडी हुईल!" मी टाकली. अनवाणी काम बरं झालं.

मग मी शहाणपणा केला. एका फटीत सिमेंटबरोबर दगडाची एक चपटी चकती हलत होती. म्हटलं, हीपण काढूया, वाट मोठी होईल. काढली. वरच्या भल्यामोठ्या दगडाने कुरकुर केली आणि दस्तगीर मिस्त्रींनी जी हाक मारली ती शेजारच्या वस्तीपर्यंत गेली असेल.

"कपची काढू नगा! ठिवा, ठिवा तितंच!"

त्यांनी स्वतः धावत येऊन ती चकती पुन्हा ठोकून बसवली.  "ताई, शिमिट माजं हाय, ते काढा. कपची बापजाद्यांची हाय. दगड तिच्यावर बसलाय, आन् पाणी तिच्या बाजूनं वाट काढतंय. सगळंच काडलं तर हीर डोस्क्यावर यील."

मी ओशाळले. काँक्रीट करताना आम्ही झऱ्याच्या भिंतीतल्या अशाच किती कपच्या घमेल्यांनी भरून ओढ्यात फेकल्या होत्या, ते आठवलं. आणि मग न राहवून बोलून गेले. पाटी, शाल, आटलेला झरा, अळू, सगळं. म्हटलं, मिस्त्री, मीही असंच केलंय.

मला वाटलं ते धीर देतील. त्यांनी पिशवीतून दुसरी, जास्त धारेची छिन्नी काढून माझ्या हातात दिली. "मग हात चालवा. रडून सांधं उघडत न्हाईत."

दुपारी बिरूअण्णांचा पुतण्या मारुती काठावर येऊन उभा राहिला. चाळिशीचा, डाळिंबाची बाग केलेला. मशीन त्यानेच ठरवलं होतं. "चाचा, शिमिट तुमीच लावायचं, तुमीच काडायचं. झालं का? माजी झाडं जळाय लागल्यात वर. मशीन परवा यणार म्हंजी यणार."

"यीऊ दे की," मिस्त्री म्हणाले. "परवा यीऊ दे. आज अवस हाय. आज कुणाची पाळी न्हाई, आज माजी पाळी."

मारुतीचंही काही चूक नव्हतं. झाडं वाळताना बघणं सोपं नसतं. मला त्याचा रागही आला आणि कीवही आली. तो काठावरच बसून राहिला, गेला नाही.

ऊन डोक्यावर आलं. मिस्त्रींचे ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, नुसती चूळ तरी भरा, थोडी सावली घ्या. ते म्हणाले, "ही चाळीस वर्सं उपाशी हाय. मी एक दीस ऱ्हायलो तर काय झालं?" आणि पुन्हा ठोके. चारच्या सुमाराला मात्र त्यांचा तोल गेला. बिरूअण्णांनी धरलं म्हणून बरं. तेव्हा वरून पायऱ्या धडाधडा वाजल्या. मारुती खाली आला, त्यांच्या हातातला हातोडा काढून घेतला आणि म्हणाला, "बसा तितं. कपची कंची आन् शिमिट कंचं, तेवढं तोंडानं सांगा." दिवस मावळेपर्यंत त्या गड्याने आम्हा तिघांपेक्षा जास्त भिंत उघडली.

एकच सांधा ओला झाला होता. एकच. पाणी गळतंय असंही म्हणता येईना, नुसता दगड काळा पडला होता. रोजा सोडायला अक्कांनी घरातलं पाणी आणि गुळाचा खडा आणला. मिस्त्रींनी पाणी पिताना विहिरीकडे पाठ केली. 

पाडवा

सकाळी चारही घरांवर गुढ्या उभ्या राहिल्या, पण कडुनिंब चावायला कुणी थांबलं नाही. सगळे विहिरीवर. बिरूअण्णा एकटे उतरले, अनवाणी. रिवाजच तसा, मोजणारा एकच. आम्ही वर काठावर वाकून. मिस्त्री तर काठापासून लांब, धावेवर तोंड फिरवून बसले होते.

"एक बुडाली!" खालून आवाज आला.

मारुती म्हणाला, "एकच?"

बिरूअण्णांनी पाण्यात हात घालून चाचपलं. मग, "दुसरी अर्धी. आन् सांधं वाजत्यात रं!"

आम्ही सगळे पायऱ्यांवर धावलो. खरंच वाजत होते. वरल्या भिंतीच्या सात-आठ फटींतून बारीक धारा सुटल्या होत्या, आणि माझी एक चप्पल पाण्यावर तरंगत होती. मला रडू फुटलं, आणि लपवलंही नाही. चार बोटांवरून दीड पायरी, तीही एकाच भिंतीच्या सांध्यांतून! दोन पायऱ्या चढलं नव्हतं, म्हणजे रिवाजाने वैरणही पेरायची नव्हती, आणि मारुतीच्या बागेला हे पुरणार नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मारुतीने फोन लावला. "गाडी नगं धाडू. न्हाई, आत्ता नगं. तीन भिती ऱ्हायल्यात अजून. फुडल्या अवसंला बघू." फोन खिशात टाकून तो काकाला म्हणाला, "निम्मी झाडं औंदा सोडतो. निम्मी जगवू."

सगळ्यांनी ते पाणी ओंजळीने प्यायलं. मिस्त्रींचा तो शेवटचा रोजा. त्यांनी बाटली भरून घेतली, टोपण घट्ट लावलं आणि पिशवीत सरळ उभी राहील अशी ठेवली. "सांच्याला," एवढंच म्हणाले. पुरणपोळी अक्कांनी त्यांना बांधून दिली. मी तिथेच चार खाल्ल्या, कटाच्या आमटीसकट. आमच्याकडची पोळी नाजूक असते, ही चांगली ताटभर.

निघताना ती धारेची छिन्नी मी परत करायला गेले. त्यांनी घेतली नाही. "ईद झाली की बाकीच्या तीन भिती उघडाय मी हितं यणार. तुमी तुमच्या झऱ्यावर बसा. आन् कपच्या सांभाळा."

"आमच्या फेकून दिल्या हो."

"मग हुडका. वड्यातच असतील. दगूड कुटं जातोय?"

घरी

घरी पोचले ती पिशवी न ठेवताच रस्त्याखाली गेले. अळू गुडघ्याएवढं. मुळाशी बोट घातलं तर चिखल, एप्रिल तोंडावर आलेला असताना.

सभेत मी उभी राहिले आणि म्हटलं, झरा आटलेला नाही. मी त्याला हाकललाय. मला त्याला परत आणायला चैत्रातल्या अवसेपर्यंत वेळ द्या, आणि त्या दिवशी सगळ्या गावाने नळ बंद ठेवा. मग पाणी किती वाढलं ते सगळ्यांसमोर मोजू. नाही वाढलं तर बोअरच्या कागदावर पहिली सही माझी. थोडी हसाहशी झाली. एकाने विचारलं, "काँक्रीट फोडणार कोण? तुमच्याच कारकिर्दीतलं आहे ते." मी पिशवीतून छिन्नी काढून टेबलावर ठेवली. मग कुणी हसलं नाही. मुदत मिळाली.

यजमानांनी आणि मी तीन दिवस ओढ्यात वाकून कपच्या गोळा केल्या. तिथल्या दगडांत त्या लगेच ओळखू येतात, दोन्ही अंगांनी चपट्या. तीन घमेली निघाल्या. मग प्रश्न आला की सुरुवात कुठून करायची. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या भागीरथीकाकूंना विचारलं, पूर्वी धार सगळ्यांत जाड कुठून यायची? त्यांनी काठीने दाखवलं, बरोबर माझ्या नावाच्या पाटीवर.

छिन्नी तिरकी धरली, हलके ठोके दिले. पाटी अख्खी निघाली. मागची बाजू उलटून बघितली, तर ती ओलीचिंब होती.